ग्रँड नॅशनल : तीस अडथळ्यांचा इतिहास

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर धावली जाणारी इंडियन डर्बी ही २,४०० मीटर अंतराची शर्यत. सपाट हिरवळीवरचा हा सारा खेळ सुमारे अडीच मिनिटांत आटोपतो. घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांसमोर हेच चित्र उभे राहते. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल शहराच्या उत्तरेस असलेल्या एनट्री येथे दर एप्रिलमध्ये जी शर्यत होते तिची जात मात्र निराळी आहे. तिचे अंतर चार मैल अडीच फर्लांग, म्हणजे सुमारे ६.९ किलोमीटर. या वाटेवर घोड्याला एकूण तीस अडथळे ओलांडावे लागतात. त्यांत कुंपणे आहेत, चर आहेत, पाण्याचा खड्डा आहे आणि वळणावरची अवघड उडीही आहे. वेगवान घोड्यालाही त्यासाठी नऊ मिनिटे लागतात आणि निघालेल्यांपैकी निम्मे घोडे तरी शेवटपर्यंत पोहोचतील याची कोणी हमी देत नाही. 'ग्रँड नॅशनल' या नावाने ओळखली जाणारी ही शर्यत १८३९ पासूनचा आपला इतिहास सांगते. तो जितका पराक्रमाचा आहे, तितकाच वादांचाही आहे.

अडथळ्यांच्या अशा शर्यतीला इंग्रजीत 'स्टीपलचेस' म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच निमुळता मनोरा. १७५२ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात एडमंड ब्लेक आणि कॉर्नेलियस ओ'कॅलहन या दोघांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डॉनरेलच्या चर्चपर्यंत घोडे पिटाळले, अशी या प्रकाराच्या उगमाची कथा आहे. ना आखलेला मार्ग, ना पंच. दूरवर दिसणारा मनोरा नजरेसमोर ठेवायचा आणि मध्ये येणारे बांध, ओढे, दगडी भिंती ओलांडत सरळ जायचे, एवढाच नियम. शिकारी कुत्र्यांच्या मागे घोडे दौडवणाऱ्या तेथील जमीनदारांना ही कसरत अंगवळणी पडलेलीच होती. पुढे तिला प्रेक्षक मिळाले, मग सट्टा आला, आणि सट्टा आला तेव्हा मैदान ठरावीक करणे भाग पडले.

एनट्रीचे मैदान उभे करणारा माणूस जमीनदार नव्हता, खानावळवाला होता. लिव्हरपूलच्या वॉटर्लू हॉटेलचा चालक विल्यम लिन याने लॉर्ड सेफ्टन यांच्याकडून एनट्रीची जमीन भाड्याने घेतली. १८२९ मध्ये तेथे प्रेक्षकांसाठी स्टँडची पायाभरणी झाली. आरंभी सपाट शर्यतीच होत. १८३६ मध्ये लिनने अडथळ्यांची शर्यत योजली. ती 'द ड्यूक' नावाच्या घोड्याने जिंकली आणि त्यावर स्वार होते कॅप्टन मार्टिन बीचर. पुढील दोन वर्षेही अशा शर्यती झाल्या. त्या एनट्रीलाच झाल्या की शेजारच्या मॅघल येथे, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. अधिकृत इतिहास मात्र या तीन शर्यती बाजूला ठेवून १८३९ पासून मोजणी करतो. त्यामागचे कारण व्यवहारी आहे. त्या सुमारास रेल्वे लिव्हरपूलला पोहोचली होती. दूरदूरच्या तबेल्यांतले घोडे आणि त्यांच्यामागून प्रेक्षक येणे शक्य झाले. प्रांतिक जत्रेची राष्ट्रीय शर्यत झाली ती आगगाडीमुळे.

२६ फेब्रुवारी १८३९ या दिवशी १७ घोडे निघाले. मार्गात नांगरलेली शेते होती, कुंपणे होती आणि एक दगडी भिंतही होती. पहिल्या फेरीत सहाव्या अडथळ्यापाशी कॅप्टन बीचर यांचा घोडा कॉनराड अडखळला आणि बीचर थेट ओढ्यात जाऊन पडले. मागून येणाऱ्या टापांपासून वाचण्यासाठी ते पाण्यातच दडून बसले. व्हिस्की मिसळल्याखेरीज पाणी किती बेचव लागते हे आपल्याला आजच कळले, असे ते बाहेर आल्यावर म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या ओढ्याला 'बीचर्स ब्रुक' हे नाव पडले ते कायमचे. ही शर्यत जेम मेसन या जॉकीने 'लॉटरी' या घोड्यावर १४ मिनिटे ५३ सेकंदांत जिंकली. त्याच दिवशी डिक्टेटर नावाचा घोडा प्राणास मुकला आणि या खेळाच्या क्रौर्याबद्दल टीकाही झाली. ग्रँड नॅशनलचा गौरव आणि तिच्यावरील आक्षेप यांचा जन्म असा एकाच दिवशी झाला, हे पुढील सारा इतिहास वाचताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८४३ मध्ये शर्यतीला 'हँडिकॅप'चे रूप आले. म्हणजे जो घोडा अधिक गुणवान, त्याच्या पाठीवर अधिक वजन. दुबळ्याला सवलत आणि बलवानाला ओझे देऊन सर्वांना शक्य तितक्या समान पातळीवर आणण्याची ही युक्ती एडवर्ड टॉपम यांनी येथे रुजवली. या टॉपम घराण्याचे नाव पुढे सव्वाशे वर्षे एनट्रीशी जोडलेले राहिले. हँडिकॅपमुळे निकालाचे भाकीत अवघड झाले आणि सामान्य माणसाला या शर्यतीची गोडी लागली. वर्षभर घोड्यांकडे ढुंकूनही न पाहणारी इंग्रज कुटुंबे या एका दिवशी नावावरून, रंगावरून, नाही तर डोळे मिटून बोट ठेवून घोडा निवडतात आणि त्यावर दोन-पाच पौंड लावतात. 'ग्रँड नॅशनल' हे नाव १८४७ पासूनचे.

मैदानाची रचना थोडक्यात सांगायची तर सोळा कुंपणांच्या या मार्गाच्या दोन फेऱ्या होतात. त्यांपैकी चौदा कुंपणे दोनदा, तर 'द चेअर' आणि पाण्याचा खड्डा हे दोन अडथळे पहिल्या फेरीतच ओलांडायचे असतात. चेअर हे सर्वांत उंच कुंपण, पाच फूट दोन इंचांचे. त्याच्या अलीकडे सहा फुटांचा चर आहे. बीचर्स ब्रुकची ख्याती मात्र उंचीमुळे नाही. घोडा ज्या बाजूने उडी घेतो त्यापेक्षा पलीकडची जमीन खाली आहे. पाय टेकायला जमीन जिथे असावी असे घोड्याला वाटते, तिथे ती नसते. त्यानंतर थोड्याच अंतरावर 'कॅनॉल टर्न'. लीड्स-लिव्हरपूल कालव्यालगतच्या या कुंपणावरून उडी मारताक्षणीच डावीकडे काटकोनात वळावे लागते. शेवटच्या कुंपणापासून विजयरेषेपर्यंतची सुमारे साडेचारशे मीटरची मोकळी धाव ही तर स्वतंत्रच परीक्षा. तोवर पार थकलेल्या घोड्यांचे कित्येक विजय या पट्ट्यात मातीमोल झाले आहेत.

पहिल्या महायुद्धात लष्कराने एनट्री ताब्यात घेतले तेव्हा १९१६ ते १९१८ या तीन वर्षी पर्यायी शर्यत गॅटविकला झाली. ते मैदान आज गॅटविक विमानतळाखाली गेले आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ शर्यत झालीच नाही. दोन युद्धांमधील काळ मात्र नाट्यमय घटनांनी भरलेला आहे. १९२८ मध्ये ४२ घोडे निघाले. पहिल्या फेरीत कॅनॉल टर्नच्या चरात 'ईस्टर हीरो' अडकला आणि मागून येणाऱ्यांची एकच दाटी झाली. अखेरच्या कुंपणापाशी दोनच घोडे उरले होते. त्यांतील बिली बार्टन तेथे कोसळला आणि शंभरास एक असा भाव असलेला 'टिपररी टिम' जिंकला. बिली बार्टनवर त्याचा जॉकी पुन्हा स्वार झाला आणि तो दुसरा आला. शर्यत पूर्ण करणारे एवढे दोघेच. गंमत अशी, की या निकालाने लोक बिचकण्याऐवजी भलतेच उत्साहात आले. कोणताही घोडा जिंकू शकतो असे वाटून पुढच्या वर्षी मालकांनी ६६ घोडे उतरवले. तो उच्चांक आजही अबाधित आहे आणि तो मोडू न देण्यातच शहाणपण आहे.

१९३४ चा विजेता गोल्डन मिलर हा खरा अभिजात घोडा. एकाच वर्षी चेल्टनहॅमचा गोल्ड कप आणि ग्रँड नॅशनल जिंकणारा तो आजवरचा एकमेव. परंतु एनट्रीच्या लोकस्मृतीत जिंकणाऱ्यांइतकेच हरणारेही मानाने नांदतात. १९५६ मध्ये राजमाता एलिझाबेथ यांचा 'डेव्हन लॉक' सर्व तीस अडथळे पार करून निर्वेधपणे पुढे होता. विजयरेषा जेमतेम पन्नास यार्डांवर. समोर ना कुंपण, ना चर. आणि त्या मोकळ्या हिरवळीवर त्याने अचानक उडी घेतल्यासारखे केले, चारही पाय पसरले आणि तो पोटावर आदळला. मागून आलेला 'ईएसबी' जिंकून गेला. स्नायूंत गोळा आला, प्रेक्षकांच्या आरोळीने घोडा दचकला, पाण्याच्या खड्ड्याची सावली पाहून त्याला अडथळा भासला, असे अनेक तर्क झाले. निश्चित उलगडा झाला नाही. त्यावर स्वार असलेले डिक फ्रान्सिस हे पुढे रहस्यकथाकार म्हणून जगभर गाजले. घोड्यांच्या दुनियेत घडणाऱ्या त्यांच्या कादंबऱ्यांचे वाचक आपल्याकडेही आहेत. स्वतःच्या आयुष्यातले सर्वांत मोठे रहस्य मात्र त्यांना उकलता आले नाही.

१९६७ ची शर्यत तर कोणा कादंबरीकाराने लिहिली असती तर अतिशयोक्ती म्हणून नाकारली गेली असती. पॉपम डाउन नावाचा घोडा सुरुवातीलाच स्वार गमावून मोकळाच धावत होता. तेविसाव्या, म्हणजे मार्गातील सर्वांत लहान कुंपणापाशी तो आडवा फिरला. त्याच्यावर पुढचे घोडे आदळले, त्यांच्यावर मागचे. क्षणार्धात कुंपणाच्या दोन्ही बाजूंना घोडे आणि जॉकी यांचा ढीग झाला. या गर्दीच्या बराच मागे राहिलेला 'फॉइनेव्हन' आला तेव्हा जॉन बकिंगहॅम या जॉकीला एक फट दिसली. तेवढ्यातून त्याने उडी मारली आणि तो एकटाच पुढे निघाला. बाकीचे सावरून, पुन्हा खोगिरावर चढून निघेपर्यंत अंतर हाताबाहेर गेले होते. शंभरास एक भावाचा हा घोडा जिंकेल असे कोणाच्याही मनात नव्हते. त्याचे मालक एनट्रीला आलेच नव्हते आणि प्रशिक्षक त्या दिवशी वुस्टरच्या शर्यतींत गुंतले होते. सरकारी टोटवर ज्यांनी पैसे लावले त्यांना तर ४४४ पट मिळाले. १९८४ मध्ये त्या कुंपणाला फॉइनेव्हनचेच नाव देण्यात आले.

रेड रम

या साऱ्या इतिहासात एक नाव बाकीच्यांहून वेगळे उभे आहे, ते रेड रमचे. आई 'मेअर्ड' आणि बाप 'क्वोरम' यांच्या नावांची शेवटची अक्षरे जोडून त्याचे नाव ठेवले गेले. त्याची पैदास छोट्या अंतराच्या सपाट शर्यतींसाठी होती. दोन वर्षांचा असताना १९६७ मध्ये एनट्रीलाच पाच फर्लांगांच्या एका सामान्य शर्यतीत तो बरोबरीने पहिला आला, तेवढेच त्याचे आरंभीचे भाग्य. त्यानंतर मालक आणि तबेले बदलत तो फिरत राहिला. १९७२ मध्ये जिंजर मॅकेन यांनी नोएल ल मेअर या वयोवृद्ध मालकासाठी तो ६,००० गिनींना घेतला. मॅकेन यांचा तबेला साउथपोर्ट गावात, त्यांच्या मोटारविक्रीच्या दुकानामागे होता. घोडा आणल्यावर कळले की त्याच्या खुराच्या हाडाला दाहाचा जुना विकार आहे. शर्यतीच्या घोड्याच्या बाबतीत हा निकालच म्हणायचा. परंतु मॅकेन यांच्याकडे हिरवळीचे मैदान नव्हते. ते घोडे समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत दौडवत. खाऱ्या पाण्याने आणि ओल्या वाळूने रेड रमचे पाय सुधारले.

१९७३ च्या शर्यतीत 'क्रिस्प' हा धिप्पाड ऑस्ट्रेलियन घोडा १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो वजन पाठीवर घेऊन निघाला आणि पहिल्या फेरीपासूनच एकटा पुढे गेला. अंतर वीस लांबींहून अधिक झाले. कुंपणांवरून तो ज्या सहजतेने जात होता ती पाहणाऱ्यांनी तशी दौड पुन्हा पाहिली नाही. अखेरचे कुंपण ओलांडल्यावर मात्र तो थकला, डावी-उजवीकडे झुकू लागला. रेड रमच्या पाठीवर साडेदहा किलोंनी कमी वजन होते. ब्रायन फ्लेचरने त्याला शेवटच्या मोकळ्या पट्ट्यात पिटाळले आणि विजयरेषेच्या अगदी तोंडाशी पाऊण लांबीने गाठले. वेळ ९ मिनिटे १.९ सेकंद, जुना विक्रम मोठ्या फरकाने मोडला. हरलेल्या क्रिस्पनेही तो मोडलाच होता. त्या दिवशी अनेकांची सहानुभूती क्रिस्पच्या बाजूस होती आणि ते न्याय्यही होते. हँडिकॅपचे गणित इतके निष्ठुरपणे बरोबर ठरल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

रेड रमचे मोठेपण सिद्ध झाले ते पुढच्या वर्षी. १९७४ मध्ये तेच १२ स्टोनांचे ओझे त्याच्या पाठीवर आले आणि तरीही तो जिंकला. १९७५ आणि १९७६ मध्ये दुसरा. १९७७ मध्ये, बारा वर्षांचा असताना, टॉमी स्टॅकला पाठीवर घेऊन तिसऱ्यांदा पहिला. पाच वेळा धावला, पाचही वेळा पहिला वा दुसरा आला आणि एकदाही पडला नाही. तीनदा ग्रँड नॅशनल जिंकणारा दुसरा घोडा झालेला नाही. १९९५ मध्ये तो मरण पावला तेव्हा त्याला एनट्रीच्या विजयरेषेपाशीच पुरण्यात आले.

रेड रमने केवळ शर्यती जिंकल्या असे नाही. त्या वर्षांत एनट्रीच विकले जात होते. १९४९ मध्ये लॉर्ड सेफ्टन यांच्याकडून मैदान विकत घेणाऱ्या टॉपम कंपनीच्या सूत्रधार मिराबेल टॉपम यांनी साठच्या दशकातच ते घरबांधणीसाठी विकण्याचा इरादा जाहीर केला होता. त्यामुळे 'ही शेवटची ग्रँड नॅशनल' अशी हाकाटी दर वर्षी होऊ लागली. १९७३ मध्ये ते खरोखरच एका बांधकाम व्यावसायिकाकडे गेले. तिकिटांचे दर वाढले, प्रेक्षक रोडावले. लॅडब्रोक्स या सट्टा कंपनीने काही वर्षे व्यवस्था सांभाळली. अखेर १९८३ मध्ये लोकवर्गणी आणि सीग्रॅम या मद्य कंपनीचे साहाय्य यांच्या बळावर जॉकी क्लबने मैदान ताब्यात घेतले. त्या पडत्या काळात लोकांचे लक्ष एनट्रीवर टिकवून धरण्याचे श्रेय रेड रमला द्यायलाच हवे.

स्त्रियांचा प्रवेश

एनिड बॅग्नोल्ड यांच्या १९३५ च्या 'नॅशनल व्हेल्व्हेट' कादंबरीत एक मुलगी मुलाच्या वेषात ग्रँड नॅशनलमध्ये उतरते. १९४४ च्या चित्रपटात ही भूमिका एलिझाबेथ टेलरने केली. वेषांतर करावे लागले, कारण प्रत्यक्षात स्त्रियांना मज्जाव होता. तो उठला ब्रिटनच्या १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानंतर. १९७७ मध्ये शार्लट ब्रू ही पहिली स्त्री येथे उतरली. १९८२ मध्ये जेराल्डिन रीस हिने शर्यत पूर्ण केली. १९८३ मध्ये जेनी पिटमन या विजेत्या घोड्याच्या पहिल्या स्त्री प्रशिक्षक ठरल्या. प्रत्यक्ष विजयासाठी मात्र २०२१ उजाडावे लागले. आयर्लंडच्या रेचल ब्लॅकमोर हिने 'मिनेला टाइम्स'वर तो मिळवला. कोविडच्या निर्बंधांमुळे तेव्हा स्टँड रिकामे होते. आदल्या वर्षी तर शर्यतच रद्द होऊन संगणकावर घडवलेली आभासी शर्यत दाखवण्यात आली होती.

एनट्रीवर संकटे आणखीही आली. १९९३ मध्ये सुरुवातीची दोरी एका जॉकीच्या गळ्यात अडकली. शर्यत थांबवण्याचा इशारा अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही. ३९ पैकी ३० घोडे धावत सुटले आणि त्यांतील सात जणांनी सारी शर्यत पूर्ण केली. 'एशा नेस' पहिला आला, पण निकाल रद्द झाला आणि सुमारे साडेसात कोटी पौंडांचा सट्टा परत करावा लागला. जेनी पिटमन यांच्या तबेल्यातील हा घोडा अशा रीतीने न झालेल्या शर्यतीचा विजेता ठरला. १९९७ मध्ये आयआरएच्या बॉम्बच्या धमकीमुळे सुमारे साठ हजार लोकांना मैदानाबाहेर काढावे लागले. मोटारी आतच अडकल्या. परगावच्या प्रेक्षकांना आसपासच्या रहिवाशांनी आपल्या घरी रात्रीपुरता आसरा दिला. शनिवारची शर्यत सोमवारी झाली आणि 'लॉर्ड गिलीन' जिंकला.

याहून गंभीर प्रश्न घोड्यांच्या मृत्यूचा. जॉकीचा बळी आजवर एकदाच, १८६२ मध्ये गेला. घोड्यांबाबत तसे म्हणता येत नाही. १९८९ मध्ये बीचर्स ब्रुकपाशी दोन घोडे दगावले, तेव्हा ओढ्याचा खोल भाग भरून घेण्यात आला. २०११ मध्ये पुन्हा दोन आणि २०१२ मध्ये आणखी दोन. त्यांत त्या वर्षीचा गोल्ड कप विजेता 'सिंक्रोनाइज्ड' होता. लागोपाठच्या या मृत्यूंनी ब्रिटनमध्ये तीव्र संताप उसळला. २०१३ पासून कुंपणांच्या गाभ्यातले कठीण लाकूड काढून लवचिक प्लास्टिक घालण्यात आले. बाहेरून पूर्वीसारख्याच हिरव्या फांद्या असल्याने टीव्हीवर फरक जाणवत नाही. अंतर कमी केले गेले, घोड्याचे किमान वय सात वर्षे झाले. त्यानंतर २०१८ पर्यंतच्या सहा शर्यतींत एकही घोडा मेला नाही. मग २०१९, २०२१, २०२२ आणि २०२३ मध्ये पुन्हा मृत्यू झाले. २०२३ ला तर प्राणिहक्क कार्यकर्ते कुंपणे चढून आत शिरले, शंभरावर लोकांना अटक झाली, शर्यत काही मिनिटे उशिरा सुटली आणि 'हिल सिक्स्टीन' पहिल्याच कुंपणापाशी कोसळून मेला.

आयोजकांनी २०२४ पासून घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ वर आणली. पहिले कुंपण साठ यार्ड अलीकडे घेतले, म्हणजे घोडे भरवेगात येण्याआधीच पहिली उडी व्हावी. त्या वर्षी ३२ घोडे निघाले. काही जॉकी खोगिरावरून उडाले, काहींनी घोडे मध्येच थांबवले, पण घोडा म्हणून एकही पडला नाही. जुन्या चाहत्यांची तक्रार अशी, की ही ग्रँड नॅशनल उरलीच नाही, लांब पल्ल्याची आणखी एक शर्यत झाली. विरोधकांचे म्हणणे, चाळीस काय आणि चौतीस काय, करमणुकीसाठी प्राण्याचा जीव पणाला लावणे तेच आहे. दोन्ही बाजूंना एकाच वेळी नाराज करणारी सुधारणा बहुधा योग्य दिशेने गेलेली असते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पण ती पुरेशी आहे काय, हा प्रश्न उरतोच.

२०२५ च्या शर्यतीने तो पुन्हा समोर आणला. आयरिश प्रशिक्षक विली मलिन्स यांच्या तबेल्यातील घोडे पहिल्या तिन्ही क्रमांकांवर आले. विजेत्या 'निक रॉकेट'वर त्यांचा मुलगा पॅट्रिक हा हौशी स्वार होता. मुलाला जिंकताना पाहून बापाला टीव्ही कॅमेऱ्यासमोर अश्रू आवरले नाहीत. त्याच शर्यतीत 'सेलेब्र दालँ' हा तेरा वर्षांचा घोडा दुसऱ्या फेरीत काही काळ आघाडीवर होता. अखेरचे कुंपण ओलांडल्यावर तो अगदी गळून गेला आणि मैदानावरच कोसळला. पशुवैद्यांनी त्याला उठवून तबेल्यात नेले, तो सावरतो आहे असेही वाटले, पण काही दिवसांतच तो मरण पावला. इतका थकलेला घोडा पुढे दामटल्याबद्दल त्याच्या जॉकीला दहा दिवसांची बंदी झाली.